अंगावरचा टाका

वाचकहो, आष्ट्याच्या एका शिंप्याच्या हातून भर दुपारी घडलेली चूक मी येथे निवेदन करीत आहे. तिचा उलगडा माझ्यापाशी नाही.

रामगोंडाची लेक ब्राह्मी नृत्यस्पर्धेसाठी साताऱ्यास निघाली होती. तिचा टिकल्यांचा झगा त्यानेच शिवला होता. सुई मोडू नये म्हणून शिवणीवरच्या टिकल्या एकेक करून काढल्या होत्या. तरीही जीपमध्ये चढतेवेळी तो कमरेपाशी उसवला.

"शिंप्याच्याच लेकीचा झगा उसवला व्हय! उरका की अप्पा, गाडी थांबलीया," ब्राह्मी म्हणाली.

अंगावरचे वस्त्र शिवू नये, अंगावर शिवतात ते प्रेताचे. शिवणे भागच असेल तर दातांत काडी धरावी, असे रामगोंडा प्रत्येक गिऱ्हाइकास बजावीत असे. आज घाईत लेकीला काडी द्यायची राहिली.

शेवटचा टाका घालताना त्याला टिकल्यांत स्वतःचे मुख दिसले. प्रत्येक टिकलीत एक इवलासा रामगोंडा रडत होता.

त्याने गालाला हात लावला. गाल कोरडा होता.

"थांब पोरी, टाके काढतो!" त्याने कात्री उचलली.

"आवं, येडं झालासा काय? लोकं हसत्यात."

भोंगा वाजला. ब्राह्मी त्याच्या हातून झगा सोडवून जीपमध्ये बसली. रामगोंडा दाराशी वाकला, तेव्हा टिकल्यांतले रडणे थांबले होते. त्याच्या हातात कात्री होती. त्या शेकडो रामगोंडांनी मात्र अंत्यदर्शनाला जोडावेत तसे लेकीपुढे हात जोडले होते.

वाचनाचे कष्ट घेतलेत, उपकृत आहे.
वीरधवल जोतिबा यादव, विटे