कोठीचं पुढचं दार

"हिनंच घातलं विष! ह्या विंकेनं!" पेर्सिदाने मेलेली कोंबडी पायांना धरून कुंपणावर उंच केली. रस्त्यावरच्यांनाही दिसायला हवी होती ना!

विंका कुंपणाच्या आपल्या बाजूला गप्प उभी होती. पेर्सिदाच्या टर्की आधीच गेल्या होत्या. आता कोंबड्याही एकेक करून मान टाकत होत्या. विंकाच्या कोंबड्या मात्र तिच्या पायांशी खुशाल बर्फ उकरत होत्या.

"बघा, कशी बोलत नाही," रस्त्यावरून कोणीतरी म्हणालं. "चोराच्या मनात चांदणं."

गुरांचे डॉक्टर उग्लेशा गुडघ्यांवर बसून दुसरी कोंबडी फाडून पाहत होते. कलेजी पिवळी पडली होती आणि बोटांत तिचा भुगा होत होता.

"विष आहे, पण बाटलीतलं नव्हे," ते म्हणाले. "बुरशीचं वाटतंय. यंदा मका आधी उन्हात करपला आणि काढणीला पावसात सापडला. पेर्सिदाकाकू, काय खायला घालता यांना?"

"घरचा मका. चोरून आणते की काय?"

"नाताळची आदली रात्र सोडून!" गर्दीतला एक चावट ओरडला आणि सगळे हसले.

त्या रात्री गावातली प्रत्येक बाई शेजारणीच्या कोठीतून मूठभर दाणे पळवते आणि जमिनीवर दोरीचं रिंगण करून त्यात आपल्या कोंबड्यांना घालते. शेजारणीची बरकत आपल्या अंगणात येते म्हणे. याला चोरी कोणी म्हणत नाही. पेर्सिदाही हसली, जरा उशिराच.

तिची कोठी उघडली, तर कणसं सोन्यासारखी, खडखडीत वाळलेली. तरी डॉक्टरांनी नमुना घेतला आणि ते विंकाकडे वळले.

कोंबड्यांसाठी मका ती कोठीच्या मागच्या बाजूने काढायची. तिथलीही कणसं स्वच्छ होती; त्यांचाही नमुना डॉक्टरांनी घेतला. कुंपणाकडचं पुढचं दार लोकरीच्या धाग्याने बांधलेलं होतं.

"कुलूप नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेजारपाजार आपलाच. कुलूप कुणासाठी लावायचं?"

"निदान कुत्रा तरी इकडे बांधा."

"म्हातारा झालाय हो. घरामागे जरा ऊब मिळते त्याला."

हात धुवायला ते तिच्या स्वयंपाकघरात आले. चुलीपाशी टोपलीभर कणसं होती, हिरवट बुरशी धरलेली. काही फडक्याने पुसून लख्ख केलेली.

"कोठीतली कुंपणाकडची रांग भिजली होती," विंका आपणहून म्हणाली. "निवडून काढली. चुलीत घालते."

"पुसून काय उपयोग? विष दाण्यात उतरलेलं असतं."

"तशीच जाळली की ठसका लागतो."

"शहाण्या आहात. डुकरालासुद्धा घालू नका."

तपासणीत दोघींचाही मका निर्दोष निघाला. त्यामुळे विंकाची अडचण वाढलीच. मक्यात काही नाही, म्हणजे नक्कीच हिने कुंपणावरून काहीतरी फेकलं, असं गाव म्हणू लागलं. विहिरीवर बाया तिला पाहून पाठ फिरवू लागल्या.

संत त्रिफुनचा दिवस जवळ आला होता. तो विंकाच्या कुळाचा संत. त्या दिवशी कोणाला आमंत्रण द्यायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, मेणबत्ती लावायची. जे आपलं मानतात ते येतात. रिकाम्या टेबलावर मेणबत्ती जळाली, तर त्या घराचं नाव नातवंडांच्या तोंडीही तसंच राहतं. नवरा गेल्यापासून विंकाला वर्षातला तेवढा एकच दिवस माणसांचा होता. ती घाबरली होती, खरोखरच घाबरली होती.

सणाआधी पाणी मंतरायला पाद्रीबाबा आले, तेव्हा तिने पेर्सिदाला आणि चार शेजाऱ्यांना बोलावून घेतलं. संताच्या तसबिरीवर हात ठेवला.

"मी हिच्या अंगणात एक दाणा जरी टाकला असेल, तर ह्या संताने माझ्याकडे पाठ फिरवावी."

आवाज जराही कापला नाही.

"आता तू," पाद्रीबाबा पेर्सिदाला म्हणाले. "कोंबड्यांना आपल्याच कोठीतलं घातलंस, म्हण."

पेर्सिदाने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग ती एकदम रडायलाच लागली. "नाही होत हो बाबा माझ्यानं. चुकलं माझं. विंकेवर उगीच आळ घेतला."

संध्याकाळपर्यंत गावाचं मत फिरलं. बिचारी विंका, आणि काय ती पेर्सिदाची जीभ!

सणाच्या दिवशी विंकाचं घर गच्च भरलं. खुर्च्या पुरेनात, पुरुष चुलीपाशी उभ्याने प्यायले. डॉक्टरही आले. विंकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. सगळ्यांच्या शेवटी पेर्सिदा आली. दोघींनी गालाला गाल लावले, तीनदा. पेर्सिदाने उकडलेले गोड गहू चमचाभर खाल्ले.

"किती उरल्या गं?" विंकाने हळूच विचारलं.

"तीन. आणि कोंबडा." पेर्सिदाने उसासा टाकला. "तुझी एक शिंकलीसुद्धा नाही. बरकत आहे बाई तुझ्या कोठीत."

"देवाची कृपा."

पाहुणे गेले. अंधारून आलं. विंकाने मेणबत्ती वाईनच्या थेंबांनी विझवली, कुत्र्याला घरामागे नेऊन बांधलं आणि चुलीपाशी बसून उरलेली कणसं फडक्याने लख्ख पुसली. मग टोपली घेऊन ती कोठीच्या पुढच्या दाराशी आली. कालचा धागा सुटलेला होता, नाताळच्या आदल्या रात्रीपासून रोज सुटायचा तसाच. पेर्सिदाला अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून तिने कणसं अगदी हाताशी रचली आणि दाराला नवा धागा बांधला. अजून तीन कोंबड्या उरल्या होत्या.