कायमची तिरकी मुंबई

"बाबा, तुम्ही जमिनीला घाबरता का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाल्मलीने जेवतानाच विचारून टाकलं. विमानतळांवरची गर्दी हटवायची म्हणून बाबांचं विमान कधी उतरतच नसे. एका बाजूला कलून शहरावर घिरट्या घालत राही आणि प्रवासीच छोट्या यानांतून ये-जा करत. विमानातच जन्मलेल्या शाल्मलीला खिडकीतली मुंबई कायम तिरकीच दिसायची. खाली जायला वैमानिकाच्या कुटुंबाला यानात वर्षातून एकच जागा मिळे आणि बाबा ती दरवेळी दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकत.

"घाबरतो कसला? गरजूंना देतो."

"सलग पंधरा वर्षं?"

आईला आमटीचा ठसका लागला. शाल्मलीचा पाय टेबलाखाली नुसता नाचत होता.

"यंदाच्या जागेवर मी माझं नाव घातलंय. आई, बाबा, उद्या मी उतरणार आणि मुंबई सरळ बघणार!"