जाणवलं का?

“जाणवलं?” ॲमंडाने विचारलं.

“यस,” ॲम्ब्रोज अंकल म्हणाले. डोळे मिटलेले, हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

ॲमंडाने संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक धागा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून उचलला आणि टाचेवर टेकवला. धागा वाकला. “आता?”

“यस, यस.”

ज्युडिथ दारात उभी राहून बघत होती. कॅनडात, मिसिसागातल्या या पायांच्या क्लिनिकमध्ये ती बिलिंग बघायची. कुठल्या उपचाराला कुठला कोड लावून इन्शुरन्सकडे पाठवायचा, हे तिचं काम. अंकल तिच्याच वसईचे. एअरपोर्टच्या कार्गोमधून रिटायर झालेले, जुना डायबेटिस. नखं कापायला, घट्टे काढायला नेमाने यायचे. या वर्षी त्यांच्या प्लॅनने ‘रुटीन’ कोडचे क्लेम नाकारायला सुरुवात केली. तपासणीत पाय बधिर निघाला, तर मात्र दुसरा कोड लागत होता आणि तो मंजूर होत होता.

अंकलचे पाय बधिर झाले आहेत, याबद्दल क्लिनिकमधली पायांची तज्ज्ञ असलेल्या ॲमंडाला शंका नव्हती. मागे एकदा त्यांच्या बुटात खडा निघाला होता. मोजा रक्ताने भिजला तरी त्यांना पत्ता नव्हता. पण तपासणीत ते ‘यस, यस’ म्हणत राहिले आणि क्लेम परत आला. मग कित्येक महिने ते फिरकलेच नाहीत. घरीच कात्रीने नखं कापत होते. ज्युडिथने फोन करकरून त्यांना आज बोलावलं होतं. खुर्चीत बसवताना मराठीत बजावलंही होतं, “अंकल, नाही जाणवलं तर सरळ नाही म्हणा. लाजायचं काय त्यात?”

ॲमंडाने एकदा ज्युडिथकडे पाहिलं. मग तिने धागा बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला आणि हातांची घडी घातली.

“आता?”

“यस.”

“आणि आता?”

“यस. करंगळीला.”

 अंकलनी डोळे उघडले. ट्रेमधला धागा त्यांना दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

ॲमंडा उठली. “मला जे दिसलं ते लिहावंच लागणार,” ती ज्युडिथला हळू आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाली. “तू समजाव त्यांना. त्यांच्याच भल्याचं आहे.” आणि ती बाहेर गेली.

ज्युडिथ स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. “अंकल, आता कोड बदलेल. क्लेम पास होईल. खोटं कशाला बोलायचं?”

“आणि तो रिपोर्ट कुठे जाईल?”

“तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे.”

“तो लायसन्सच्या ऑफिसला कळवणार, आणि माझं गाडीचं लायसन्स जाणार.” अंकल वाकून मोजे चढवू लागले. “तुझ्या शॅरन आंटीचं डायलिसिस असतं, आठवड्यातून तीन वेळा. मीच नेतो. पेशंट लोकांची बस लावून बघितली. गेल्या विंटरमध्ये बस आलीच नाही. हॉस्पिटलच्या दारात कुडकुडत उभी होती ती. मी पोचलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. पोरगा डेरिक तिकडे लांब ओटावाला. कोण नेणार तिला?”

“पण अंकल, अशा पायांनी गाडी...”

“चालवतो ना मी. इतकी वर्षं चालवतोय.” त्यांनी जॅकेट घातलं. “ॲमंडाला सांग, मी आज आलोच नव्हतो. आणि शॅरनला यातलं काही ठाऊक नाही. ती बाहेर गाडीत बसलीय. तिच्याकडे चुकूनही बोलू नकोस.”

ते भिंतीला हात लावत बाहेर पडले. ज्युडिथ उठून दारापर्यंत गेली. त्यांना अडवावं, तर आंटीचं कसं होणार? जाऊ द्यावं, तर रस्त्यावर समोरून कोण येत असेल?  शेवटी ती तशीच, कोट न घालता, पार्किंगमध्ये धावली.

गाडी चालू होती, पण जागची हलली नव्हती. अंकलचं डोकं स्टिअरिंगच्या खाली गेलेलं होतं. त्यांना चक्कर आली असं वाटून ज्युडिथने काच ठोठावली.

अंकल दचकून सरळ झाले. चक्कर आली नव्हती. ते वाकून आपल्या पायाकडे बघत होते. त्यांनी ज्युडिथकडे पाहिलं नाही. समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिले.

पलीकडची काच खाली झाली. ज्युडिथ वळसा घालून तिकडे गेली. मांडीवर ब्लँकेट घेऊन बसलेल्या शॅरन आंटीने हात बाहेर काढला आणि ज्युडिथचा गार पडलेला हात धरला.

“घाबरू नकोस गं,” ती म्हणाली. “पाय ब्रेकवर आहे की नाही, ते मी बघून सांगते त्यांना.”