लांबवलेला सूर

चाळीस वर्षं त्याने स्पीकरला पाठ टेकून गिटारवर ब्लूज वाजवलं, आणि कान तिथेच गेले. तार ओढून तो एकच सूर इतका लांबवायचा, की हॉटेलातली माणसं उचललेला ग्लास तसाच हातात धरून बसायची. परवा मुलीने हौसेने कानाचं मशीन आणलं. नळ ऐकू आला. जावयाचं घोरणंही ऐकू आलं. मग त्याने गिटार घेतली, तार ओढली. सूर निघाला, लांबला, आणि



गायब.

"काका, मशीन बिघडलेलं नाही," दुकानातला तंत्रज्ञ म्हणाला. "एकच सूर लांबला की मशीनला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय. मग ते तो सूर दाबून टाकतं."

"त्याला सांगा ना, तो मी आहे म्हणून."

"सांगून कळलं असतं तर! काढून वाजवा."

"काढलं तर गिटारच ऐकू येत नाही, राजा."

तंत्रज्ञाने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मुलीला तो काही बोलला नाही. संध्याकाळी तीच हट्टाला पेटली. "बाबा, आता बहाणा चालायचा नाही. तुमचा तो सूर ऐकवा." सगळं घर भोवती बसलं. त्याने डोळे मिटून तार ओढली. बोटाला थरथर कळत होती, कानात शुकशुकाट. कुठे थांबायचं तेच कळेना. शेवटी बोट दुखून सुटलं.



टाळ्या मात्र लख्ख ऐकू आल्या.