धुऱ्यातली लाल मोटार

मोटारीच्या नाकाडावर गुडघा टेकून रुख्मा फटीत चिखल थापत होती. मोटार लाल, बिनटपाची, जेमतेम दोन माणसांची. नागपुराहून येऊन तिला महिनाही झाला नव्हता. काल संध्याकाळी तिरोड्याच्या रस्त्यावर वळण आलं, पण मोटार वळली नाही. ती सरळ गेली, रुख्माच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, मातीचा धुरा फोडला आणि तिथेच पोट टेकून बसली. धुऱ्याला हे एवढं खिंडार पडलं. पण बाटलीला बूच बसावं तशी मोटारच त्यात अडकली होती. दोन्ही बाजूंनी पाणी सुळसुळू लागलं तेव्हा रुख्माने गवताची ढेकळं आणून फटी बुजवल्या. तेव्हापासून पाणी मोटारीने अडवून धरलं होतं. खरं सांगायचं तर मालकाच्या हाती असताना तिने इतकं उपयोगाचं काही केलं नव्हतं.

भाताचा रोवणा होऊन चार दिवस झाले होते आणि आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. बांधीत चार बोटं पाणी होतं, तेवढंच. ते वाहून गेलं तर कोवळी रोपं उन्हात करपणार, आणि पुन्हा रोवायला गावात कुणाकडे मूठभर जादा रोपं उरली नव्हती. घरचा वर्षाचा भात त्या चार बोटं पाण्यात उभा होता.

उन्हं वर आली तसे भैयाजी आले. गावच्या जमीनदारांचे, मालगुजारांचे धाकटे चिरंजीव; मोटार त्यांचीच. कपाळावर पांढरी पट्टी, पायात चकचकीत जोडे. मागे दोर घेऊन यादोराव दिवाणजी. कायद्याने मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण दिवाणजींचा आवाज काही गेला नव्हता.

"केवळराम, हल्यांची जोडी आन. मोटार रस्त्यावर ओढायची हाये."

रुख्माचा नवरा केवळराम रस्त्याच्या कडेला उभा होता. मालकांना येताना पाहून त्याने पायातल्या वहाणा काढून केव्हाच हातात घेतल्या होत्या. मालगुजारांच्या बंगल्यापुढून जाताना सगळं गाव तसंच जायचं. आज बंगला कोसभर दूर होता, पण सवय कुठे अंतर मोजते? तो रेडे आणायला घराकडे वळला.

"हले नाई येत," रुख्मा म्हणाली, आणि केवळराम वाटेतच थांबला.

दिवाणजींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काऊन वो?"

"मोटार निंगली का पानी जाते. पानी गेलं का धान मरते."

या माणसांपुढे तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण काल संध्याकाळपासून ती जी संतापली होती, ती अजून निवली नव्हती.

भैयाजी पुढे आले. "इतना सा नुकसान हाये बाई. आमच्या कोठीतून चार पोते धान पाठवून देतो. बात खतम."

"मी पोतं मागितलं काय जी? माहा धान जिता हाये. जित्याचा मोल कायले करता?"

"मंग काय, मोटार इथंच सडू द्यायची?"

"सडू कायले द्यायची? तिच्या नाकासमोरून गोल फिरवून नवा धुरा घाला. माह्या चार ओळी त्यात जातील, जाऊ द्या. माती बसली का मोटार न्या. ढकलाले मी बी हात लावीन."

दिवाणजींनी आजूबाजूला पाहिलं. पूर्वी अशा वेळी कोतवालाने एक हाळी दिली की भर रोवण्यातून वीस माणसं बेगारीला उठून येत. आता दिवाणजींनी स्वतःच हाळी दिली. एकदा, मग दुसऱ्यांदा. चार बांध्यांपलीकडे ओळीने वाकलेल्या बायांनी माना वर केल्या. त्यांचं गाणं थांबलं, आणि मग पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने सुरू झालं.

"फौजदाराले आनतो मी," दिवाणजी म्हणाले.

"आना. त्यायले बी दाखवू, मोटार कोनाची अन् बांधी कोनाची."

केवळराम दोन पावलं पुढे आला. "अवो, राहू दे ना. मीच घालून देतो धुरा. कितीसं काम हाये?"

"तुमी थांबा. मोटार तुमी हाकलत होते काय?"

तिने चिखलातलं फावडं उचललं, पाण्यात बुडवून धुतलं आणि दांडा पुढे करून भैयाजींसमोर धरलं. दिवाणजी काही बोलणार होते, पण भैयाजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, पलीकडच्या बायांकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून एक पाय धुऱ्यावर टाकला.

"जोडे काढा जी," रुख्मा म्हणाली. "बांधीत लक्ष्मी उभी हाये."

भैयाजी जागीच थबकले. त्यांचे कान लाल झाले. रुख्मा फावडं धरून तशीच उभी होती.

मग ते वाकले. एका जोड्याची नाडी सुटली, मग दुसऱ्याची. काढलेले जोडे चिखलात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून ते हातात घेऊनच उभे राहिले.

रस्त्यावर केवळराम त्या जोड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने आपल्या हातातल्या वहाणा खाली टाकल्या आणि त्यांत पाय घातले.