रंभाबाईची आखणी

सलग तिसऱ्या गणपतीचा डोळा वाकडा गेला, तेव्हा कारखान्याचे मालक दाजी यांनी रंभाबाईच्या हातातून ब्रश काढून घेतला. पेणच्या त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी एकतीस वर्षं तिचीच. आता ब्रश शेजारी बसणाऱ्या मनालीला मिळाला. पोरगी बिचारी मान वर करेना.

आठवडाभर रंभाबाईला सगळं धुरकट दिसत होतं. घशाला सारखी कोरड. पण मनगटावरचं घड्याळ काही साखर वाढल्याचं कबूल करायला तयार नव्हतं. रोज सुई टोचून बोटं दुखतात, ब्रश धरवत नाही, म्हणून सुशीलने ते आणलं होतं. रोह्याच्या कंपनीत कामाला असलेला शिकलेला मुलगा. थेंबभरही रक्त न काढता हे साखर सांगतं म्हणाला, आणि आईने बोट टोचायचं जुनं मशीन माळ्यावर टाकलं.

आज तो तिला घरी न्यायलाच आला होता. घड्याळात एकशे चार बघून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "शुगर नॉर्मल हाय, आई. वय झालं तुझं. बस कर आता."

रंभाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बावन्नाव्या वर्षी कसलं आलंय वय! तिने घड्याळ काढलं आणि पाटावरच्या कच्च्या शाडूच्या गणपतीच्या मनगटावर करकचून बांधलं. सगळे बघत राहिले. हिरवा दिवा लुकलुकला. आकडा आला, एकशे सहा.

"ज्याच्यात अजून जीव नाय घातला, त्याची पन शुगर नॉर्मल," ती म्हणाली.

दाजींना स्वतःला मधुमेह, त्यामुळे त्यांच्या खणात बोट टोचायचं मशीन असायचंच. रंभाबाईने ते मागून घेतलं. ज्या बोटाने ब्रश धरायची तेच पुढे केलं आणि टोचलं.

तीनशे अठ्ठेचाळीस.

सुशीलचा चेहरा पांढराफटक पडला. दाजी डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बघायला धावले. मनालीला तर रडूच फुटलं. रंभाबाई मात्र आठवड्यात पहिल्यांदाच मनापासून हसली. पदर खोचून उठली आणि मनालीच्या पाठीवर थाप मारली.

"रडतेस काय गो? मी येईपरेंत आख तू, पन माझी जागा धरून ठेव. साखर खाली आनता येते. वय नाय."