निखाऱ्याचे गाल

पाचवा खेळाडू आलाच नाही. भिंतीवरच्या कागदावर दोन रकाने होते: डावीकडे ‘खेळाला शिव्या’, उजवीकडे ‘स्वतःला शिव्या’. चौघे खेळून गेले होते आणि दोन्हीकडे दोन-दोन रेघा, म्हणजे बरोबरी.

या ऑफिसात गेममधला शत्रू असाच पास-नापास व्हायचा. खेळणारा मेला आणि गेमच्या नावाने बोटं मोडत उठला, तर शत्रू नापास. मेला आणि ‘माझंच चुकलं’ म्हणाला, तर पास. खेळ चालू असताना बनवणाऱ्याने मागे उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

आज परीक्षा होती निखाऱ्याची. लाव्ह्याच्या खड्ड्यातून टुणकन वर येणारा, नायकाला जाळून परत बुडणारा लिंबाएवढा आगीचा गोळा. गेमच्या तिन्ही भागांत तो होता आणि तिन्ही भागांत तो ऑफिसातल्या चित्रकार ताईंनीच रेखाटला होता. आता चौथ्या भागातून त्याला हाकलायचं साहेबांनी ठरवत आणलं होतं. त्याच्या जागी बाहेरून मागवलेला तीन तोंडांचा आगराक्षस यायचा होता, आणि ताईंनी यापुढे मागचे डोंगर रंगवायचे होते. अकरा वर्षं वाढवलेलं पोर, आणि त्याला असं दाराबाहेर काढायचं!

“मीच बसतो,” साहेब म्हणाले. “एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. निखारा म्हणे! झोपेत ओलांडेन मी त्याला.”

रेघा मारायला उभ्या असलेल्या प्रोग्रामरने, म्हणजे भाऊने, कपाळाला हात लावला. साहेबांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे शब्द आजवर कोणी ऐकले नव्हते. गेल्या वर्षी त्यांनी गाडी फाटकावर घातली, तेव्हाही चूक फाटकाचीच निघाली होती. अशा माणसाच्या हाती निकाल! झालं, बसलं आपलं पोर घरी, असं ताईंच्या मनात आलं.

साहेबांनी कंट्रोलर उचलला. जुन्या भागांचा ठेका त्यांच्या बोटांत मुरलेला होता.

“एक, दोन, आणि उडी.”

नायकाने उडी मारली. निखारा नेमका तेव्हाच वर आला. नायकाचा कोळसा.

“बटण अडकतंय.”

भाऊने दुसरा कंट्रोलर दिला. एक, दोन, उडी. कोळसा.

“खिडकीचा उजेड येतोय स्क्रीनवर.”

पडदा ओढला. कोळसा.

“ही खुर्ची ठेंगणी आहे.”

खुर्ची बदलली, तरी कोळसाच. नाचता येईना, अंगण वाकडं. पण हे साहेबांना सांगणार कोण? भाऊचं पेन आपसूक डाव्या रकान्यावर जाऊन टेकलं.

सातव्यांदा मेल्यावर साहेबांच्या सबबी संपल्या. या खेपेला त्यांनी ठेका मोजला नाही. नायकाला काठावर नुसतं उभं केलं आणि खाली वाकून बघत राहिले. खाली निखाराही थांबला. त्याने वर बघितलं, गाल फुगवले आणि दम धरून तसाच बसला.

ही ताईंची करामत. जुना ठेका त्यांनी मुळातूनच काढून टाकला होता. निखारा आता समोरच्याच्या पायांकडे बघायचा आणि पाय हलले की झेपावायचा. पण लबाडी नाही! गाल फुगवल्याशिवाय तो कधीच उसळायचा नाही, आणि गाल बसले की रस्ता मोकळा.

“गाल फुगवतोय हा,” साहेब पुटपुटले. “पहिल्यापासून फुगवत होता का?”

ताईंनी ओठ दातांखाली धरला. ‘हो, हो, पहिल्यापासून!’ असं ओरडावंसं वाटत होतं त्यांना.

साहेब थांबले. निखाऱ्याचा दम संपला, फुस्स करून गाल बसले आणि नायक पार. दुसऱ्या खड्ड्यावरही तेच. तिसऱ्या खड्ड्याशी मात्र साहेबांना जोर चढला आणि गाल टम्म फुगलेले असतानाच त्यांनी बटण दाबलं.

कोळसा.

साहेबांनी कंट्रोलर मांडीवर टाकला. भाऊने डोळे मिटून घेतले.

“च्यायला,” साहेब म्हणाले, “तो सांगत होता. धडधडीत सांगत होता. माझंच चुकलं.”

पलीकडच्या खोलीतलं संगीत बंद झालं. गेमला संगीत देणाऱ्या बाई दारात आल्या. “कोण बोललं हे?” त्यांनी हळूच विचारलं. भाऊने साहेबांकडे बोट दाखवलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. मग भाऊने उजव्या रकान्यात अशी दाबून रेघ ओढली की कागदच फाटला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्या आधी हसू आलं. जिंकला! माझा एवढासा गोळा जिंकला!

साहेबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते सरकून खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते.

“त्या तीन तोंडवाल्याला कळवा, जागा भरली म्हणून,” मान न वळवता ते म्हणाले. “आणि मला आता कोणी उठवू नका. लाव रे परत.”

तासभर मुकाट उभ्या असलेल्या ताईंना आता बोलायची मुभा होती. त्यांनी घसा खाकरला.

“सावकाश, साहेब,” त्या म्हणाल्या. “पुढच्या पुलावर तिघे आहेत.”